मोजणीदारांनी तपासलेली कादंबरी

भुताची गोष्ट कुणीही सांगू द्या, मोजणीदारांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "उभं कुठं होतं?" भूत बाईचं होतं की पुरुषाचं, पाय उलटे होते की सुलटे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. सांगणारा म्हणायचा, "विहिरीच्या कडेला." की लगेच, "कुठल्या कडेला? रहाट होता त्या, की पायऱ्या होत्या त्या?" सांगणारा गडबडला की मोजणीदार चष्मा काढून पुसायला घेत. त्यांच्यापुरती ती गोष्ट तिथेच बाद झालेली असायची. मात्र एखाद्याने अचूक जागा सांगितली, तर पुढे तो भूत विमानात बसलं म्हणाला तरी ते निमूटपणे ऐकून घेत.

पनवेलला कचेरीच्या समोरच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या दारातल्या बाकावर निवृत्तीनंतरची पंधरा-सोळा वर्षं ते रोज दहा ते एक बसत. जमिनीची मोजणी करणारे सरकारी मोजणीदार म्हणून सगळी नोकरी तालुक्यातच गेलेली. जुने गावनकाशे ज्यांना वाचता येत नाहीत अशी माणसं त्यांच्याकडे येत आणि मोजणीदार नकाशावर पेन्सिलीचं टोक ठेवून त्यांना त्यांचं शेत दाखवत. शेताच्या जागी आता सोळा मजली इमारत असली तरी ते शेतच दाखवत. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एक खोडरबर. पेन ते वापरत नसत. "पेननं लिहिणारा माणूस फार लवकर खात्री बाळगतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्याकडे गेले ती कादंबरीसाठी. हे सांगताना आजही जरा ओशाळायला होतं. पुण्याहून नोकरीपायी कामोठ्याला येऊन मला बारा वर्षं झाली होती. विमा कंपनीतली नोकरी, घरात नवरा, दहावीतली मुलगी, गुडघे धरलेल्या सासूबाई. या सगळ्यातून उरलेल्या अर्ध्या-पाऊण तासात मी चार वर्षं एक कादंबरी लिहीत होते. गुप्तहेर कादंबरी, पण भुताखेतांची. शहर आमचंच, सेक्टर आणि प्लॉट नंबरांचं, आणि त्यात जुन्या गावांची दैवतं आणि भुतं आमच्यासारखीच अडचणीत राहत होती. सुमन नावाची एक निवृत्त महिला हवालदार त्यांच्या तक्रारींचा तपास करायची. कल्पना मला फार आवडली होती. चार वर्षांनंतर कल्पनेची आवड कमी झाली होती आणि फक्त थकवा उरला होता.

नवऱ्याने विसाव्या पानावर "छान आहे" म्हणून वही खाली ठेवली होती. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, भुतांना मोबाइल दे, मजा येईल. एका प्रकाशकाने तीन ओळींचं पत्र पाठवलं. वातावरण उत्तम, नायिका ठसठशीत, परंतु एकंदरीत पटत नाही. या "एकंदरीत"ने मला महिनाभर झोपू दिलं नाही. नेमकं काय पटत नाही हे सांगायला कुणी तयार नव्हतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं, "तुम्हाला जुनी गावं कुठे होती ते बघायचंय ना? मग मोजणीदारांना भेटा."

मी नकाशा बघायला गेले होते. त्यांनी नकाशा दाखवला आणि विचारलं, "कशासाठी हवाय?" मी सांगितलं. कादंबरी या शब्दाला लोक साधारणपणे दोन प्रकारे तोंड देतात, एक तर हसतात किंवा एकदम आदराने बघायला लागतात. मोजणीदारांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "ठेवून जा. तपासतो."

पुढच्या शनिवारी गेले तर त्यांनी माझ्या दोनशे ऐंशी पानांतली पहिली साठ वाचली होती आणि पाठकोऱ्या झेरॉक्सवर माझ्या कादंबरीचा नकाशा काढला होता. प्रमाणात. सुमनचं घर, बांधकामाची साइट, बुजवलेलं तळं, वेताळाचं झाड, सगळं. "कुठलीही मोजणी करायची तर आधी तीन कायम खुणा लागतात," ते समजावत म्हणाले. "न हलणाऱ्या. त्या तीन बसल्या की पुढचं सगळं मानता येतं. गोष्टीचंही तसंच असावं. आता तुमच्या तीन खुणा बघू. ही सुमन कामोठ्याहून चालत करंजाड्याला जाते. किती वेळात?"

"दहा मिनिटांत," मी म्हणाले.

"मधे हायवे आहे, रेल्वे आहे, गाढी नदी आहे. ताई, तुमची भुतं सगळी जागच्या जागी आहेत हो. ही बाईच तेवढी हवेतून जाते."

मला हसू आलं, मग राग आला, आणि रिक्षाने घरी येता येता दोन्ही ओसरून लाज वाटली. बारा वर्षांत मी कामोठ्याहून करंजाड्याला कधी चालत गेलेच नव्हते. आमच्यासारखी बाहेरून आलेली माणसं सेक्टरांचे आकडे पाठ करतात आणि समजतात की आपल्याला गाव कळलं. प्रकाशकाच्या "एकंदरीत"चा अर्थ मला झेरॉक्सच्या दुकानाबाहेर कळला. भुतांवर कुणाचाच आक्षेप नव्हता. माझं शहरच खोटं होतं.

मग तो क्रमच पडला. शनिवारी ऑफिसचा अर्धा दिवस संपला की मी बाकावर जाऊन बसे; त्या दिवशी ते माझ्यासाठी एकच्या पुढेही थांबत. त्यांचे शेरे समासात बारीक पेन्सिलने लिहिलेले असत आणि ते दोनच प्रकारचे होते. "बसतं" आणि "बसत नाही". नकाशा जमिनीवर ठेवला की तो जसा बसतो किंवा बसत नाही, तसं. सुंदर आहे, कंटाळवाणं आहे, असल्या भानगडीत ते पडत नसत. सुमनच्या तोंडी मी घातलेलं लांबलचक चिंतन त्यांनी एका रेघेत उडवलं, "उभी आहे की बसली आहे?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून ते चिंतन मी काढून टाकलं.

काही जागा त्यांना मनापासून पटल्या होत्या. तळं बुजवलं तेव्हा त्यातल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत राहायला जातात आणि टँकरचं पाणी आलं की नाकं मुरडतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर त्यांनी दोनदा "बसतं" लिहिलं होतं. "पाणी जिथं जाईल तिथं त्या जाणार. हा न्याय बरोबर आहे," ते म्हणाले. वेताळाची पालखी सिग्नलला अडकते आणि मागचा डंपरवाला हॉर्न वाजवतो, त्यावर ते इतके हसले की झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघून गेला.

या हसण्यात आणखी एक माणूस सामील आहे हे मला उशिरा कळलं. मोजणीदार माझी पानं घरी नेऊन दुपारी काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोठ्याने वाचून दाखवत. काकींना वाचता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून दुपारी जेवणानंतर ते त्यांना काही ना काही वाचून दाखवत आले होते, पेपर, पोथी, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. एकदा त्यांनी मला जुन्या पनवेलातल्या घरी नेलं. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत लाकडी आरामखुर्ची आणि तिच्या पायाशी काकींचा पाट. मी आत पाऊल टाकलं आणि काकींनी विचारलं, "त्या टाकीतल्या बायांचा पुढं का झाला गो बाय? यांनी आज वाचला नाय."

काकी करंजाड्याच्या पलीकडच्या एका लहान गावच्या. ते गाव आता दोन इमारतींच्या मधे उरलंय. त्यांचं बोलणं ऐकताना मला माझं पुस्तकी मराठी कडक इस्त्रीचं वाटायला लागे. भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता. मी बघतेय हे पाहून त्या आपणहून बोलल्या, "थोरला आमचा. हायवेला गेला. मोटरसायकल व्हती." आणि थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राखण मी कदी चुकवली नाय. एक वरीस पन नाय. मग कुठं कमी पडली, ता काय मना समाजला नाय." राखण म्हणजे गावच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान, नारळ आणि कोंबडा. मोजणीदार तेव्हा उठून आत पाणी प्यायला गेले. मी त्याचा वेगळा अर्थ लावला नाही. बापाला मुलाचं बोलणं ऐकवत नसेल, एवढंच मनात आलं.

माझ्या कादंबरीत एक राखणदार होता आणि सगळं रहस्य त्याच्यावर उभं होतं. बांधकामाच्या साइटवरचा सुपरवायझर लिफ्टच्या खड्ड्यात मरून पडलेला सापडतो. सुमन शोधून काढते की त्याला राखणदाराने ढकललं. कारण ती जागा राखणदाराच्या हद्दीत येते, त्याचा शेंदूर फासलेला दगड तिथेच वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आहे, आणि आपल्या हद्दीत त्याला सगळं करता येतं. हद्दीबाहेर मात्र काहीच करता येत नाही. गंमत म्हणजे या दगडाची जागा मी मनाने घेतली नव्हती. करंजाड्याच्या पलीकडे फरश्या बसवलेलं, दिव्यांच्या माळा लावलेलं राखणदाराचं छोटं देऊळ मी पाहिलं होतं, तेच उचलून कादंबरीत ठेवलं होतं. एवढी एक खूण तरी पक्की आहे असा मला भरवसा होता.

त्या प्रकरणापाशी मोजणीदार थांबले. एक शनिवार झाला, दोन झाले. "वाचतोय," एवढंच सांगत. तिसऱ्या शनिवारी मी सरळ विचारलं, "काका, बसत नाही का?" आधीच त्या आठवड्यात ऑफिसात माझ्यावर चिडचिड झाली होती, मुलीची चाचणी परीक्षा वाईट गेली होती, आणि आता हेही. मला बहुतेक रडू फुटेल असं वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला. रिक्षा करू."

आम्ही त्या देवळापाशी उतरलो. देवळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. देवळाकडे पाठ केली आणि चालायला लागले, मनात पावलं मोजत. काँक्रीटच्या गटारासारखा दिसणारा वहाळ छोट्या पुलावरून ओलांडला. पलीकडे एका टॉवरचं पार्किंग होतं. खांबांवर आकडे रंगवलेले, कुणाची तरी झाकून ठेवलेली गाडी. त्या गाडीच्या शेजारी ते थांबले.

"इथं," ते म्हणाले.

"काय इथं?"

"उभा इथं होता."

मला कळायला वेळ लागला. तोवर वॉचमन आला. मोजणीदारांनी त्याला नमस्कार केला, तोही ओळखीचं हसून परत गेला. म्हणजे हे इथे नेहमी येत होते.

मग त्यांनी सांगितलं. नव्या शहरासाठी जमिनी घ्यायच्या म्हणून गावोगाव मोजणी चालली होती, आणि नुकतं लग्न झालेल्या मोजणीदारांकडे नेमकं सासुरवाडीचं गाव आलं होतं. मुक्काम सासुरवाडीतच. दुपारची वेळ, अंगावर ऊन, मोजणीची साखळी धरणारी माणसं दमलेली. राखणदाराचा दगड तेवढा नकाशावर घ्यायचा राहिला होता. तो वहाळापलीकडे करवंदीच्या जाळीत होता, लांबून शेंदूर दिसत होता. वहाळ उतरून साखळी पलीकडे न्यायची तर अर्धा तास. "चाळीस पावलं हो, ताई. चाळीस. मी अलीकडेच उभं राहून अंदाजानं खूण केली. भूक लागली होती. म्हटलं, दगडच आहे, उद्या येऊन दुरुस्त करू." उद्या दुसऱ्या गावाला जायचा हुकूम आला.

पुढे गावात प्लॉट पडले तेव्हा देवाच्या जागेसाठी नकाशा पाहिला गेला आणि नकाशातल्या खुणेवर जागा राखून ठेवली गेली. खरा दगड भरावाखाली गेला. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मी विचारलं. आलं होतं, ते म्हणाले. दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पण कागदावर सरकारी मोजणीदाराची सही होती, आणि तो मोजणीदार गावचा जावई होता. जावयाला खोटं कोण पाडणार? गावाने नवा दगड आणून कागदावरच्या जागी बसवला. "तिथं तेव्हापासून राखण देतात. आमच्या घरची पन देतात." बोलता बोलता त्यांची सरकारी भाषा सुटली होती. "आमी चुकलो, ताई. कुणाला सांगितलं नाय आजवर. तिला तर नायच नाय."

मला खरं तर त्या वेळी त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी दमले होते, आणि मला एवढंच दिसत होतं की दगड वहाळापलीकडे गेला म्हणजे त्याची हद्द पलीकडेच वहाळाशी संपली, अलीकडचा खड्डा हद्दीबाहेर गेला, आणि माझा खुनी खुनीच राहिला नाही. मी म्हणाले, "काका, ही कादंबरी आहे. मी दगड कुठेही ठेवीन."

"ठेवा की," ते म्हणाले. "पण मग ती खूण बघून मी काय लिहू? एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं."

मी महिनाभर त्या बाकाकडे फिरकले नाही. कादंबरी कपाटात ठेवून दिली आणि मला मोकळं वाटेल असं समजले, पण तसं वाटलं नाही. दगड वहाळापलीकडून हलेना. भाजी चिरताना, ऑफिसात क्लेमचे अर्ज तपासताना, मला ते पार्किंग दिसत राही. आणि एक दिवस, कुठलीही मोठी जादू न होता, उत्तर समोर आलं. राखणदाराने सुपरवायझरला मारलं नव्हतं. राखणदार तिथे नव्हताच. सगळं गाव ज्या जागी हात जोडत होतं ती जागा रिकामी होती, म्हणून घसरणाऱ्या माणसाला धरायला कुणी नव्हतं. सुमन भुतांची झडती घेता घेता कागदांपर्यंत पोचते आणि तिला एक म्हातारा मोजणीदार सापडतो, जो चाळीस पावलं चालला नव्हता.

हे सुचल्यावर आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. कादंबरी पहिल्यांदाच आपल्या पायांवर उभी राहत होती. मग काकींच्या भिंतीवरचा फोटो आठवला. मी कुणाच्या घरातलं काय उचललं होतं ते तेव्हा कळलं.

मी न लिहिता आधी मोजणीदारांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लिहा," म्हणाले. "पटतंय ते लिहा." लिहायला मला पाच महिने लागले. शेवटचं प्रकरण त्यांनी बाकावरच, माझ्यासमोर वाचलं. दुकानातलं मशीन खटखटत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी समासात काही लिहिलं नाही. पानं नीट जुळवली, टाचणी लावली आणि म्हणाले, "बसलं." तेवढ्या वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस होतं, आणि ते घेताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पण काकींना त्यांनी ते प्रकरण वाचून दाखवलं नाही. आदल्या प्रकरणापर्यंत वाचलं आणि सांगितलं की पुढचं अजून लिहून व्हायचंय. मला म्हणाले, "विचारलं तर तुम्हीही तेच सांगा."

"काका, आज ना उद्या पुस्तक छापून येईल. सुनेकडून वाचून घेतील त्या."

"मला ती माफ करील. त्याची भीती नाही." मग समोरच्या कचेरीच्या गर्दीकडे बघत म्हणाले, "तिला ती दुपार आठवायला नको."

मला वाटलं, नवऱ्याची चूक कळून तिला वाईट वाटेल, एवढंच त्यांना म्हणायचं आहे. काकी भेटल्या की विचारत, "संपवलीस का गो गोष्ट?" आणि मी सांगे, "नाही अजून, वेळच मिळत नाही." वेळ मिळत नाही हे माझं नेहमीचंच रडगाणं असल्यामुळे त्यांना ते खरं वाटे. मोजणीदारांनी ते प्रकरण कापडी पिशवीत घालून ठेवलं होतं. दर शनिवारी मी विचारायची, वाचलंत? आणि ते म्हणायचे, आज पाहुणे होते, आज डोळ्यांत औषध घातलं होतं, आज ती दमली होती. मग मी विचारायचं बंद केलं. एक-दोनदा त्यांनी मांडीवर पानं घेतली होती म्हणे, आणि त्याऐवजी पेपर वाचून दाखवला.

त्या थंडीत त्यांना न्युमोनिया झाला. आठ दिवस इस्पितळात होते. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी खुणेने पेन्सिल मागितली. मी पर्समधून पेन काढून दिलं तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. नर्सकडेही पेन्सिल मिळाली नाही. त्यांना काय लिहायचं होतं ते राहूनच गेलं. दोन दिवसांनी धाकट्या मुलाचा फोन आला.

तेराव्याला मी गेले नाही. ऑफिसचं कारण सांगितलं, ते खरंही होतं. पण महिन्याभराने सुनेचा फोन आला. "आई तुम्हाला बोलावतायत. म्हणतायत, राहिलेलं वाचून दाखवायला सांग."

मी दुपारची गेले. आरामखुर्ची तिथेच होती, तिच्यात कुणी बसलं नव्हतं. काकी पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ती कापडी पिशवी होती. "यात हाय ना?" त्यांनी विचारलं. "मना ठाव हाय यात गोष्ट हाय. यांनी काढली नाय, ती माज्यापायी नाय काढली, एवढा मना समजतंय. आता वाच." मला त्यांनी आरामखुर्चीत बसायला सांगितलं, आणि मला ते जमेना, म्हणून मी खाली जमिनीवर बसले.

मी सगळं वाचलं. मधली दोन पानं गाळायचा मोह मला झाला होता. पण या माणसाने मला अंदाजाने खूण करू दिली नव्हती, आणि त्याच्याच घरात मी पानं गाळणार होते. म्हातारा मोजणीदार सुमनला सांगतो की भूक लागली होती, म्हणून तो पलीकडे गेला नाही, आणि त्या रिकाम्या जागेपायी एका माणसाचा जीव गेला, तिथवर पोचले तेव्हा पिशवीचे बंद चाळवणारे काकींचे हात थांबले होते. वाचून संपलं. मग त्या म्हणाल्या, "गोष्ट नाय ही."

"नाही," मी म्हणाले.

"माज्या माहेरचा दगड हाय."

मी मान डोलावली. मग त्या चिडल्या. त्यांना तसं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "एवढे नारळ! एवढी वर्सा! आनि हा माणूस शेजारी बसून बघत व्हता. पोर गेला तवा मी विचारत व्हते, कुठं कमी पडली मी, तवा पन गप. एकदा तोंड उघडायचा व्हता!" त्यांनी पिशवी दूर सारली. डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता मी उठावं. या घरात मी पुष्कळ करून ठेवलं होतं. मी पानं गोळा करायला लागले.

"थांब," काकी म्हणाल्या. "यात लिवलंय, भूक लागली व्हती. आजून का लिवलंय? जेवायला कुणी बोलावला, ता लिवलास?"

"नाही काकी. त्यांनी तेवढंच सांगितलं होतं मला."

"सांगनार नाय." त्या खाली मान घालून बसल्या. आवाज अगदी हलका झाला होता. "मी धाडला व्हता निरोप. नवीन लगीन माजा. सकालपासून रांधला व्हता, मासली तललेली, भाकऱ्या. थंड व्हत चालल्या. कोतवालाला सांगितला, जा, त्यांना सांग, असतील तसे या, माजी शपथ हाय."

मला हुंदका आला आणि तो आवरला नाही. एवढी वर्षं ते त्या पार्किंगमध्ये कुणाच्या वाटणीचं ओझं घेऊन उभे राहत होते, ते मला तेव्हा कळलं. काकी रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली पानं घेतली, वाचता येत नसलेल्या त्या ओळींवर बोट फिरवलं आणि ती माझ्यापुढे धरली.

"कुठं हाय तो, भूक लागली म्हनतो ती जागा?"

मी दाखवली.

"तिथं लिव. बायकोनं शपथ घातली व्हती, म्हनून आला. एकट्याच्या डोक्यावर नको ठेवू." मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी मोजणीदारांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल आणून माझ्या हातात दिली. "माज्या समोर लिव. मग मना वाचून दाखव."